रफाराचे पैसे

रावपुऱ्यात टॉवरच्या अलीकडे माझं दुकान.
कप, ढाली, पदकं. नावं कोरून मिळतील.
बेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जिंकण्याचा चुरा
माझ्या नखांत बसतो आहे, पिवळा, पितळेचा.
'अभिनंदन' मी झोपेतही कोरीन.
तोंडानं म्हटल्याचं मात्र आठवत नाही.

आमच्या घरी चांगलं झालं की म्हणत, "बरं."
फारच चांगलं झालं तर, "बरं, बरं,"
आणि लगेच मीठमोहऱ्या.
कौतुक तोंडावर केलं की उतरतं, असं आई म्हणायची.
बाजूचा किरीटभाई पतंग कापला तरी ओरडतो,
"मोज पडी गई!"
त्याचं काही उतरलेलं मी पाहिलं नाही.

आता साठी उलटल्यावर मंगळवार-शुक्रवार
फतेगंजला दस्तूरबाईंकडे बसतो, दोनशे पानी वही घेऊन.
भोवती विशीची पोरं, सगळी मॉन्ट्रियलला निघालेली.
त्यांना व्हिसापुरती भाषा हवी.
मी म्हटलं, बाई,
कुणी काही मिळवलं की तिकडे काय म्हणतात,
मला तेवढंच शिकवा. गुरुवारच्या आत.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: शापो.
म्हणजे टोपी. नुसती टोपी.
ती उतरवली असं आपण समजून घ्यायचं.
मला टोपी नाही, केसही बेताचे,
तरी हात डोक्याकडे गेलाच.

मग सा सारोझ.
याला पाणी घातलं पाहिजे.
म्हणजे यशाला. म्हणजे बाटली उघडायची.
"गुजरातमां?" मागून एक पोरगा म्हणाला
आणि अख्खा वर्ग खदखदला, बाईंसकट.
मी वहीत समोर लिहून ठेवलं, लिंबू सोडा.

फेलिसितासियों. त्यांच्या लिपीत तेरा अक्षरं,
दुसऱ्यावर एक तिरका काप.
आपली मात्रा डावीकडे कलते, त्यांची उजवीकडे.
हाताला सवय नाही,
दोन पत्रे वाया गेले.

तिसरा पत्रा घासताना आठवलं:
दहावीला ऊर्जिता शाळेत पहिली आली,
कप आमच्याच दुकानातून गेला.
ऊर्जिता शिंगरे. सहा अक्षरं, दोन रुपये अक्षर,
रफाराचे पैसे मी कुणाकडूनच घेत नाही.
बारा रुपये शाळेच्या बिलात लावले.
संध्याकाळी ती कप घेऊन घरी आली,
माझ्यासमोर ठेवला.
मी उलटा करून बुडाचा डाग पाहिला,
म्हटलं, "पॉलिश बरं बसलंय."

गुरुवारी लियाँत तिचा प्रबंध पार पडला.
आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ.
फोनवर आधी गोंगाट, ग्लास, कुणाचं तरी मोठं हसणं,
मग ती, धापा टाकत, "बाबा, झालं."

शापो विसरलो.
तेरा अक्षरं घशातच अडली.
तिची आई मागून खुणावत होती, बोला, बोला.
तोंडात आलं ते बाईंनी शेवटी शिकवलेलं,
ज्यातला र गुळणी करताना निघतो तसा काढायचा:
झ स्वी फिएर द त्वा.
मला तुझा अभिमान वाटतो.
मराठीत हे वाक्य मी कधी उचलून पाहिलं नव्हतं,
किती जड आहे कुणास ठाऊक.

तिकडे गोंगाट तसाच. ती गप्प.
मग बाईंसारख्या आवाजात म्हणाली,
"र नीट नाही आला, बाबा. परत म्हणा."

म्हटलं.

"अजून थोडा घशातून. परत."

तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं,
पहिल्याच वेळी तो बरोबर आला होता.
चौथ्यांदा तिनं सांगितलं नाही.
तरी म्हटलं.